खिळ्यावरची चप्पल आणि औजारांची खोली

चि. हेमकांत यास आप्पाचे अनेक आशीर्वाद. दामिनीची कंबर आता कशी आहे? वाकून पोछा मारू नको म्हणावं. रिनाचा दात पडला, की अजून हलतोच आहे? तुझं पित्त कसं आहे? इथे तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. माझा एक कान सुटीवर गेलाय, बाकी सगळं जागेवर.

जागेवर आहे तोवरच लिहून ठेवतो. मी, लोटन पितांबर पाटील, वय एकोणऐंशी, राहणार ब्राह्मणपुरी, तालुका शहादा, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने करीत आहे. कोणी धाक घातलेला नाही. उलट तुझी आई म्हणते, एवढं लांबण कशाला लावता?

१. राहतं घर तुझी आई रंजनाबाई हिच्या नावे. तिला कोणी ओढून तुझ्याकडे सुरतला नेऊ नये. जायचं असेल तेव्हा ती स्वतःच पिशवी भरेल.

२. केळीचं शेत आणि बँकेतली शिल्लक तुम्हा मायलेकांत निम्मी निम्मी. यात भांडायला काही ठेवलेलं नाही.

३. औजारांची खोली. रिनाला कळावं म्हणून पहिल्यापासून सांगतो. खोलीला कुलूप नाही. ज्याला पहार, करवत, शिडी लागेल त्याने न्यावी आणि दाराशेजारच्या खिळ्याला आपल्या पायातली एक चप्पल टांगावी. एका चपलेवर माणूस किती फिरणार? काम उरकलं की औजार घरी येतं, तेही धार लावून.

तू सुटीत आलास आणि म्हणालास, "आप्पा, फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही." तासाला भाडं लावलंस. मीही म्हटलं, बघू. तर करवती बोथट येऊ लागल्या, कुदळी चिखलासकट. आपल्या वेल्डिंगवाल्या शौकतला मी विचारलं, तर तो हसून म्हणाला, "दादा, भाडं दिधं ना, मंग धार मी कसाले लावू?"

पोरा, त्याचं काही चुकलं नाही. भाडं मी बंद केलं आणि पुन्हा चपला टांगायला लावल्या. पैसे दिले की माणूस मोकळा होतो. चप्पल टांगली की तो गुंतलेला राहतो. मी बाजाराला नावं ठेवत नाही, जन्मभर केळी बाजारातच विकली. पण गावाला कशाचा अभिमान वाटतो आणि कशाची लाज, त्यावर व्यवहार उभे राहतात. तेवढं बदललं की नवी रीत आपोआप उगवते. बघ ना, शौकतचा आकिब आणि त्याच्या दोस्तांनी फवारणीचं यंत्र सामायिक घेतलं आणि आपल्याच खोलीत आणून ठेवलं. त्या खिळ्याला हल्ली बूट टांगतात.

तुझं एक म्हणणं खरं होतं, मोडतोडीचं कोण बघणार? म्हणून बांधाकडच्या केळीची एक ओळ खोलीच्या डागडुजीसाठी राखून ठेवली आहे.

आता खोली कोणाच्या हाती द्यावी, ही जागा कोरी सोडली आहे. भाडं न लावता सांभाळणार असशील तर तुझं नाव लिहीन. नसशील तर शौकतची लेक आफशीन तयार आहे, आणि माझा तुझ्यावर राग राहणार नाही. पण बापाच्या मनात काय आहे, ते तुला ठाऊक आहे.

४. गावातल्या दोधूने फाटकी चप्पल टांगून, पिशवीतली नवी काढून पायात घातली आणि माझी पहार नेली. ती फाटकी चप्पल मी जपून ठेवली आहे, ती त्यालाच द्यावी. पहार त्याने माझ्या दहाव्याला घेऊन यावी, म्हणजे चारचौघांत परत घेता येईल.

५. मी गेल्यावर माझी चप्पल त्या खिळ्याला टांगू नका. लोक उगाच वाट बघत बसतील.

साक्षीदार: शेख शौकत शेख फुरकान (सही). माझी शिडी त्याच्याकडे असल्याने एका पायाने अनवाणी आला.
वीरसिंग नवलसिंग पावरा (सही)

लोटन पितांबर पाटील (सही)
ब्राह्मणपुरी, जि. नंदुरबार
१२ फेब्रुवारी २०२५

ता.क. कोरी जागा भरली की शहाद्याला जाऊन नोंदणी करायची आहे, म्हणून उत्तर लवकर लिही. लिहायचा कंटाळा आला, तर तुझी एक चप्पल पाठव. मी समजेन.