भुरी घरी आली नाही

चि. आचल हिला मामाचा दोन्ही हात जोडून, कमरेत पूर्ण वाकून नमस्कार.

भाचीच्या पाया मामाने पडायचं ही आपल्या भागातली रीत मी दर वर्षी कंबरदुखीच्या सबबीवर अर्ध्यातच आटोपतो, हे तू लहानपणापासून बघत आली आहेस. या वेळचा नमस्कार मात्र पुरा धर. का, ते खाली येईलच. (घाई करून खालचं आधी वाचू नकोस. पोलिसात जाणाऱ्याने क्रमाने वाचायची सवय लावावी.) तुझी तब्येत कशी आहे? परेडने पायाला फोड येतात का? तिथल्या वरणात डाळ असते की नुसती तिची आठवण? तुमचे फोन जमा करून घेतात आणि रविवारी घटकाभर घरी बोलू देतात, हे तुझ्या आईकडून कळलं. फार चांगली शिस्त आहे. त्यामुळे मला कागदावर लिहिता येतं आणि तुला लगेच उलटून बोलता येत नाही.

इकडे सगळे खुशाल. मामी खुशाल. धान कापून घरात आलं. म्हैस व्याली, पारडू चांगलं आहे. भुरी... तर म्हैस व्याली हे सांगितलंच. पारडू काळंभोर आहे, कपाळावर पांढरा ठिपका.

आता भुरीबद्दल. तू जाताना तुझा जुना फोन माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, 'मामा, हिला सांभाळ, आईकडे बटणाचा फोन आहे.' तेव्हा मी हसलो होतो. त्याच्या आदल्याच महिन्यात चंद्रपूरच्या साप्ताहिकात माझा लेख आला होता, 'काचेमागची जनावरं' नावाचा. गोठ्यातल्या गाईला पाणी न दाखवता पडद्यावरच्या प्राण्याला अंघोळ घालणाऱ्या 'माझ्या एका सुशिक्षित भाची'ची मी त्यात यथेच्छ धुलाई केली होती. लोक खूप हसले. अहेरीच्या बाजारात दोघांनी थांबवून पाठ थोपटली. तू वाचून फक्त 'छान आहे, मामा' म्हणालीस आणि महिन्याभराने तीच भुरी माझ्याच हवाली केलीस. हा विश्वास होता की शिक्षा, यावर मी सध्या फार विचार करतो.

तिचा सगळा इतिहास मला माहीत आहे, आणि तोच मी त्या लेखात चवीने लिहिला होता. टुमटुम या खेळाची पहिली आवृत्ती म्हणजे मार्कंड्याच्या जत्रेत मिळालेलं प्लास्टिकचं अंडं. (जगाने खेळून टाकून दिल्यावर मगच वस्तू आपल्या जत्रेत येते.) त्याला तीन बटणं. आत कुत्र्याचे कान, वासराचे डोळे आणि बेडकाचा आवाज असलेलं एक ठिपक्यांचं जनावर. खाऊ घातलं नाही तर ते मरायचं आणि पंख लावून वर जायचं. तुझं गेलं तेव्हा तू जेवली नाहीस, आणि तुझ्या आईने सिरोंच्याच्या त्या अंगणात ते अंडं चक्क पुरायला काढलं होतं. शेवटी बटण दाबलं की दुसरं जनावर निघतं असं कळलं, त्या दुसऱ्या जनावराचं नाव भुरी. जगभरची पोरं अशीच रडली असावीत, कारण दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने मरणच रद्द केलं. आजवर एवढी मोठी सुधारणा कुणी केलेली मला तरी ठाऊक नाही. ही आवृत्ती सीडीवर होती, कॉम्प्युटर क्लासमध्ये चालायची, आणि हेळसांड झाली की जनावर काठीला बोचकं बांधून निघून जायचं. वीज गेली की तू क्लासबाहेर उभी राहून कासावीस व्हायचीस. तिसरी आवृत्ती मोबाइलवरची. तिच्यात जुनं जनावर नव्या घरी आणायची सोय होती, म्हणून भुरी तुझ्याबरोबर मोठी झाली. याच आवृत्तीत कंपनीने अंगणाला फाटक आणि फाटकाबाहेर जंगल दिलं. फाटक उघडलं की जनावर आपलं आपण चरून येतं, पण मालकाने फोनमध्ये भरून ठेवलेल्या हाकेलाच परततं. फार दिवस हाक मिळाली नाही तर रानटी होतं आणि मग कुणालाच ओळखत नाही. चौथी आवृत्ती काढण्याआधीच कंपनी बंद पडली. म्हणजे हरवलेली भुरी बदलून मिळायची सोय नाही. (फाटक, हाक आणि रान यांची ही माहिती मी सूचना वाचून मिळवली आहे. सूचना मी नंतर वाचल्या.)

पहिले काही आठवडे मी तिला नीट सांभाळलं, हे तुझ्या मामीला विचार. पण भुरीला भूक लागली की ती बेडकासारखी ओरडते, आणि नेमकी प्रार्थनेच्या वेळी ओरडते. मी मुख्याध्यापक. पोरांचे फोन जप्त करून माझ्या कपाटात ठेवतो. 'मोबाइल हा शत्रू' या विषयावर बोलत असताना माझ्या छातीच्या खिशातून 'ड्रांव' असा आवाज आला. दुसऱ्यांदा 'ड्रांव' झाल्यावर मी पोट चोळून दाखवलं, तेव्हापासून पोरं मला घरून लिंबू-ओवा आणून देतात. घरी ठेवू म्हटलं तर मामी म्हणाली, 'जितके तोंडं पोसून राह्यली तेवढे पुरे झाले मले. तुमच्या भाचीचं जनावर, तुम्हीच चारा.'

मग मला जे सुचलं ते आपल्या गावच्या माणसालाच सुचू शकतं. चार पायांचं जे काही घरात असेल ते सकाळी गुराख्याच्या हवाली करायचं आणि दिवसभर मोकळं व्हायचं, ही आपली जन्माची सवय. आमचा गुराखी सुकलू ज्या टेकडीवर गुरं नेतो तिथे नेटवर्क गावापेक्षा चांगलं. मी म्हशीमागोमाग भुरीही त्याच्याकडे दिली. सुकलूने फोन उलटासुलटा करून पाहिला, 'दूध देते का?' विचारलं, नाही म्हटल्यावर तोंड वाकडं केलं, आणि राखणीपोटी मिळणाऱ्या वर्षाच्या धानात एका वासराचं धान जादा ठरवून फोन पिशवीत घातला. काही दिवस बरं चाललं. तो तिला मोहाच्या झाडाखाली बसून चारायचा आणि दुपारी दोघंही झोपायची.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी गुरं परतली. धूळ उठली, दारोदारच्या बाया आपापल्या गाईंना हाका मारायला लागल्या, आमची म्हैस तिच्या जागी येऊन उभी राहिली, आणि सुकलूने फोन माझ्या हातात ठेवून सांगितलं, 'गुरुजी, तुमचं जनावर नाई आलं.'

पडद्यावर अंगण, अंगणात भांडं, फाटक सताड उघडं. मी सुकलूला चौकात उभा करून नको नको ते बोललो. गुराख्याकडचं जनावर परतलं नाही तर त्याने रानातून काहीतरी खूण आणून दाखवायची असते, घंटी, शिंग, निदान चार केस, हा नियम मी त्याला सुनावला. तो म्हणाला, 'हिच्या गळ्यात घंटीच नोयती गुरुजी, मी आणू काय?' तेवढ्यात वनरक्षक इतवारी तिथे आला. वाघाने नेलं असेल तर जागेवरच पंचनामा करावा लागतो, असं त्याने गंभीरपणे सांगितलं आणि कोणत्या बाजूने ओढत नेलं ते पडद्यावर बोट ठेवून दाखवा म्हणाला. लोक हसत होते. आपल्या लेखावर हसतात तसेच, फक्त आता मी लेखाच्या आत होतो.

मग मी सूचना वाचल्या आणि टेकडीवर गेलो. भरलेली हाक तुझ्याच आवाजातली असणार, या समजुतीने मी तुझा आवाज काढला. पन्नाशीचा, मिशीवाला माणूस, तोंडाजवळ फोन धरून, कोवळ्या आवाजात 'भुरेऽ, ये ये येऽ' करतो आहे, हे चित्र डोळ्यापुढे आण आणि लगेच पुसून टाक. भुरी आली नाही. तीन खऱ्या कालवडी मात्र आल्या आणि माझ्या सदऱ्याला चाटत बसल्या. खालच्या वाटेने माझ्या शाळेची दोन पोरं जात होती. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला मी 'विश्राम' म्हणताच मागच्या रांगेतून अगदी कोवळ्या आवाजात 'ये ये येऽ' आलं. मी कुणालाही शिक्षा केली नाही. कोणत्या तोंडाने करणार?

तेव्हापासून रोज संध्याकाळी, सगळ्यांची गुरं बांधून झाली की, मी गोठ्यामागे उभा राहून हाका मारतो. पडद्यावर झाडांआड कधी एक कान दिसतो, हलतो आणि जातो. मला तिची सवय नव्हती असं मी समजत होतो. खिशातून कुणी ओरडत नाही तर प्रार्थना फार लांब वाटते.

मामीचे आशीर्वाद. पायाच्या फोडांना मोहाचं तेल लाव. आणि मामाबद्दल जे मनात येईल ते परेडच्या मैदानात पाय आपटून काढ.

तुझा, तूर्त तोंड लपवून असलेला,
धनराज मामा

ता. क. फाटक सुकलूने उघडलं नाही. त्याला ते बटण कुठलं हेही माहीत नाही. मंगळवारी सकाळी ती ओरडत होती, शिक्षणाधिकारी शाळेत यायचे होते, आणि मीच ते उघडून, 'जा, चर जा कुठी तिकडे' म्हणून फोन त्याच्या पिशवीत टाकला. तरीही चौकात बोललो त्यालाच. हे वाक्य पत्रात वर कुठेतरी यायला हवं होतं. वर त्याला जागा सापडली नाही.

आणखी एक. रविवारी तुला जो घटकाभर फोन मिळतो तो या वेळी आईला न करता मला कर आणि भुरीला हाक मार. मी दोन फोन तोंडाला तोंड लावून धरीन. तुझी आई आठवडाभर त्या घटकेची वाट बघते हे मला माहीत आहे. माहीत असूनही मागतो आहे, यावरून मामाची पत समज.

शेवटचं. पाकीट पेटीत टाकण्याआधी तुझी आई सिरोंच्याहून आली, म्हणून पुन्हा उघडलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, 'तू गुरुजी कसा झाला रे भाऊ?' मग संध्याकाळी, गुरं यायच्या वेळी, मी तिच्यापुढे फोन धरला. ती म्हणाली, 'मले कुत्र्याले बोलावता येत नाई. मले एकच हाक येते.' आणि दारात उभी राहून, फोनकडे न बघता, रस्त्याकडे तोंड करून तिने तुझ्या लहानपणी मारायची ती हाक मारली. 'आचलऽ, घरी ये वं माय, दिवा लागला.'

भुरी झाडांतून धावत आली.

म्हणजे फोनमध्ये तू आईची हाक भरून ठेवली होतीस आणि आम्हा कुणाला सांगितलं नव्हतंस. आता ती फोन खाली ठेवत नाही, तिलाच देऊन टाकतो. सुकलूची मी आज सकाळी चौकातच, सगळी गुरं आणि माणसं जमली असताना माफी मागितली. तो म्हणाला, 'हाव गुरुजी, झालं. पण पुढच्या वर्षी हे जनावर मी नेत नाई. याले दावंच नाई.'

तेव्हा रविवारी फोन आईलाच कर. मला करू नकोस. हे पत्र टाकायची खरं तर गरज उरली नाही, तरी टाकतो, कारण फाडून नवं लिहायला बसलो तर फाटकाचं ते वाक्य माझ्याच्याने दुसऱ्यांदा लिहवणार नाही.