बाहेर काढलेली सोंगटी

दोरोहोई, रुमानिया, १० फेब्रुवारी

चि. तुदोरेल यास अनेक आशीर्वाद वि. वि.

इकडे सगळे ठीक, थंडी मात्र हाडं फोडतेय. फोनवर तू ‘बरं, ठेवतो’ म्हणून पळ काढतोस, म्हणून हे पत्र.

माझ्या वर्गात यंदा मुलं स्वतः पटावरचे खेळ बनवतायत. घोकंपट्टीपेक्षा डोकं चालवायला लावावं, ही तुझ्या या बहिणीची हौस. तुझ्या लेकीने, इलिंकाने, बुटांच्या खोक्याचा पट केला. सोंगटी एकच: ईस्टरपर्यंत इटलीतून घरी पोचायला निघालेला माणूस. वाटेत चिठ्ठ्या उचलायच्या. ‘मुकादम म्हणाला, आणखी एक महिना.’ ‘बसचं तिकीट मिळालं नाही.’ कुणीच घरी पोचेना. पोरं कुरकुरायला लागली. इलिंका ओठ मिटून उभी, कारण आपला खेळ दुसरे खेळत असताना बनवणाऱ्याने बोलायचं नाही, हा माझाच दंडक.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, जो खेळ कुणालाच जिंकता येत नाही त्यात चूक असते. ती तूच शोध आणि काढून टाक.

दुसऱ्या दिवशी तिने सोंगटीच काढून टाकलेली. आता घरातली माणसं अंडी रंगवतात, पास्काचा गोड पाव भाजतात, कुणाची वाट बघत नाहीत आणि दर वेळी जिंकतात. वर्गाला फार आवडला. मीही शाबासकी दिली, मेलीने. घरी आल्यावर सोंगटीचं विचारलं, तर म्हणाली, बाई, तुम्हीच सांगितलंत ना, ज्याच्यामुळे सगळे हरतात ते काढ. घरात एरवी मला ती आत्या म्हणते रे.

तुझी ताई,
स्मारांदा

ब्रेशा, इटली, २१ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र कामावरच वाचलं, मग दिवसभर विटा वाकड्या लागल्या.

तू स्वतःला बोल लावू नकोस. त्या चिठ्ठ्या माझ्या आहेत. फोनवर जे जे सांगत आलो ते पोरीने शब्दाला शब्द लिहिलंय. आणि ताई, ते खोटं होतं. गेल्या ईस्टरला मुकादमाने सुट्टी दिली होती, मीच आलो नाही. त्याआधीच्या खेपेला परत निघताना इलिंका बसच्या दाराला धरून रडली होती. ते पुन्हा बघायची माझी छाती नव्हती, म्हणून सुट्टीभर खोलीत पडून राहिलो. लाज वाटते.

यंदा नक्की येतो. तिला सगळं खरं सांग, आणि सोंगटी परत ठेव म्हणावं.

तुझा भित्रा भाऊ,
तुदोरेल

दोरोहोई, ३ मार्च

चि. तुदोरेल यास आशीर्वाद.

गाढवा, वाचून आधी तुझा राग आला, मग माझाच. चूक तुझी, आणि ती शोधायला लावली मी त्या नऊ वर्षांच्या पोरीला.

तिला सगळं सांगितलं. रडली नाही. सोंगटी आणून पटावर ठेवली आणि एक नवी चिठ्ठी लिहिली: ‘बाबा परत निघताना कुणी रडायचं नाही.’ मला म्हणाली, आत्या, आता हा खेळ जिंकता येईल.

हा नियम खोडून टाक, असं मी किती विनवलं, ऐकत नाही. तिचं तिने कोडं सोडवलंय ना. तो तूच येऊन खोड, आणि निघताना तिला पोटभर रडू दे. माझ्यावर जो काही लोभ असेल तो यंदा तिच्या वाट्याला दे.

तुझी,
स्मारांदाताई