यंत्राची घोडी, तिचे खण आणि तिचे पाय

श्री

मी, गंगाराम धाकू मेस्त्री, जात सुतार, वय साठीच्या आसपास, राहणार मिरकरवाड्याची वरची आळी, रत्नागिरी, लिहून ठेवतो ते असे. मचव्यावरून पडल्यापासून कमरेखाली माझ्यात काही उरलेले नाही. कमरेवर सगळे ठीक आहे. डोके तर इतके ठीक आहे की घरच्यांना त्याचा त्रास होतो. कोणी धाक घातला नाही, कोणी गोड बोलून फसवले नाही. हा कागद जोगळेकर कारकून माझ्या सांगण्यावरून लिहीत आहेत. मधूनमधून ते "हे इथे शोभत नाही" म्हणतात. तरी लिहावे, अशी मी त्यांना विनंती केली आहे.

घर वडिलार्जित असून थोरले बंधू भिकाजी यांच्याशी एकत्र आहे. अशा घरातला हिस्सा मृत्युपत्राने देता येत नाही, असे कारकून सांगतात. नाही तर नाही. ज्या पडवीत मी पडलेला आहे तिच्या दाराची किल्ली भिकाजीच्या करगोट्याला असते, आणि तो बाहेर जाताना कुलूप घालून जातो. चोर येतील म्हणे. आत लुळा म्हातारा आणि विधवा सून. चोर काय नेणार होता?

माझे स्वतःच्या कमाईचे असे एकच आहे. मुंबईच्या गोदीत कामाला असताना घेतलेले, मेजावर बसवून हाताने चाक फिरवायचे, भोके पाडायचे यंत्र. आणि ते ज्यावर बसवले आहे ती मी केलेली घोडी, खणांसह. ही दोन्ही मी माझा मयत मुलगा अर्जुन याची बायको मथुरा हिला देतो. तंटा आहे तो याच्यावरच, म्हणून नीट सांगतो.

वडील आजारी म्हणून रजा काढून आलो तेव्हा त्यांना दाखवायला यंत्र आगबोटीतून बरोबर आणले होते. ते म्हणाले, "लावून दाव." मेजावर लावले तर चाक फिरवताच मेज नाचू लागले. म्हणून घोडी केली. पाय ऐनाचे, वरची फळी जाड फणसाची. फळी चारी बाजूंनी बाहेर काढली आणि कडेला पट्टी मारली, कारण लोखंडाचा कीस खणात गेला की खण अडकतो. खाली तीन खण. वरच्यात भोक पाडायच्या प्रत्येक बिटाला त्याच्या मापाची खाच, म्हणजे कुठले हरवले ते खण उघडताच कळते. मधल्यात कप्प्यांचे, म्हणजे शिडाचे दोर ओढायच्या चाकांचे, आस आणि तेलाची डबी. खालचा खण खोल, त्यात मोडीचे लोखंड, कारण खाली वजन असले की वर थरथर कमी.

एवढ्यावर थांबायला हवे होते. पण आमच्याकडे भात कांडायची व्हाईन, म्हणजे दगडी उखळ, भुईत पुरतात, म्हणजे ती हलत नाही. सुताराचे डोके तिकडेच गेले. पडवीचा जांभा फोडून खड्डे घेतले, घोडीचे पाय आत उतरवले, चुना घालून ठोकले. मग यंत्र हलेना आणि मीही हललो नाही. वडील गेले, रजा संपली. दर शिमग्याला मुंबईस परत जायचे ठरे आणि दर शिमग्याला त्या पायांकडे बघून मी बसे. जहाजांच्या कारखान्यात मुकादम व्हायचा माणूस मी. मिरकरवाड्याच्या मचव्यांना कप्प्या करत म्हातारा झालो. याचा मला फार राग आहे आणि तो कोणावर काढावा हे अजून ठरलेले नाही.

अर्जुन तापाने गेल्यावर मथुरा माझ्या हाताखाली चाक फिरवू लागली. मी पडल्यावर कप्प्या तीच करते. तिचा भाऊ शिवा हर्णेला होड्या बांधतो. त्याच्याकडे छप्पर आहे, काम आहे, आणि यंत्र घेऊन ये, असा त्याचा निरोपही आहे. यावर भिकाजीने आळीतल्या चार माणसांसमोर सांगितले, "व्हाईन कधी वाटून घेतलास काय? जा भुईत रोवलास ता घराचा झाला. घोडी घरची, तिच्यावरचा यंतर घरचा, आनि यंतर फिरवनारी पन घरची. कोन कुटं जात नाय." चार माणसे मान हलवून चहा पिऊन गेली. वाटण्यांत व्हाईन घराबरोबर राहते हे खरेच आहे.

मथुरा गणपतीलासुद्धा माहेरी गेलेली नाही. ती रडत नाही, हेच मला सहन होत नाही.

येथपर्यंत काल सकाळी लिहून झाले. भिकाजी परवाच व्याह्यांकडे पावस गावी गेला आहे. जाताना पडवीला कुलूप घातले होते. साक्षीदार रामा कीर याने माझ्या सांगण्यावरून ते कोयंड्यासकट उपटले. कुलूप शाबूत आहे, ते भिकाजीला परत द्यावे.

काल दुपारी माझी मोठी करवत घेऊन मथुरेने घोडीचे चारही पाय जमिनीलगत कापले. ऐन जुना झाला की दगड होतो. ती घामाने निथळत होती, आणि मी पडल्या पडल्या "पाते वाकडे जाते, मनगट सैल सोड" असे ओरडत होतो. शेवटचा पाय सुटला तेव्हा घोडी हलली. मला इतका आनंद झाला की मी तोंडावर पांघरूण घेतले.

तेव्हा घोडी आता जंगम आहे. जमिनीत उरलेले चार खुंट थोरले बंधू भिकाजी यांस देतो. ते घराचे आहेत, त्यांत मथुरेने हक्क सांगू नये. माझी छत्रीही त्यांसच. ती उघडत नाही. वाकस व रंधा रामाला.

मथुरेला सूचना: हर्णेला गेल्यावर कापलेल्या पायांखाली दोन आडव्या लाकडी पट्ट्या ठोक, म्हणजे उंची भरून येईल. खालचा खण लोखंडाने गच्च भर. थरथर राहिली तर राहू दे, पण पाय भुईत घालू नको. कोणी कितीही सांगो.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर चालते, असे कारकून म्हणतात. म्हणून यंत्र व घोडी मी काल साक्षीदारांसमक्ष तिच्या हातात दिली. हा कागद फक्त पुढे कोणी तोंड उघडू नये म्हणून. ती म्हणाली, "मामंजी, तुमाला असा टाकून मी नाय जायची. तुमच्यामागनं जाईन." मी म्हणालो, "माज्यामागनं तुला कोन सोडील? आणि मी तुज्यासाटी लवकर मरू काय?" मला पाणी कोण देणार, हा प्रश्न तिने विचारला नाही, आणि मीही काढला नाही. भिकाजीची बायको देईल. ती वाईट नाही, फक्त भिते.

आज सकाळी रामा आणि रघू तांडेल घोडी, यंत्र आणि मथुरा यांना घेऊन बंदरावर गेले. मचवा सुटल्याची खबर येईपर्यंत सही मी मुद्दाम राखून ठेवली होती.

दोघे आत्ता परत आले. रामा सांगतो की मचव्यात चढताना तिने मागे बघितले, उतरते की काय असे वाटले, मग घोडीवर हात ठेवून खाली बसली. मचवा खाडीच्या बाहेर पडलेला त्याने डोळ्यांनी बघितला. पडवीत आता फार मोकळी जागा झाली आहे. मला तिकडे बघवत नाही.

कारकून, पेन द्या.

सही: गंगाराम धाकू मेस्त्री, स्वहस्ते

समक्ष सही झाली, साक्षीदार:
रामा सोनू कीर, राहणार मिरकरवाडा, सही
रघू बाळा तांडेल, राहणार मिरकरवाडा, डाव्या हाताचा अंगठा

लिहिणार: वामन जोगळेकर, कारकून

मुक्काम रत्नागिरी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५६, मंगळवार, तारीख ११ डिसेंबर १९३४