कागदावरच्या जुळ्या

टेंभुर्णी, रविवार

प्रिय द्वारके,

फोनवर बोलता आलं असतं, पण तुझा आवाज ऐकला की मला रडू आवरत न्हाई, आणि मंग तू हातातलं काम टाकून घनसावंगीहून मिळेल त्या जीपनं निघशील. म्हणून लिहून राह्यले. रामप्रसादरावांनाही वाचून दाखव. बायको बहिणीचं लेकरू पोटात वाढवणार म्हटल्यावर ज्या माणसानं एक शब्द आडवा घातला न्हाई, त्याच्यापासून काय लपवायचं?

काल तुझे दाजी आणि मी जालन्याला वकीलबाईंकडे गेल्तो. डॉक्टरांनी बजावलंच होतं, आधी कायद्याचं सगळं बराबर करा, मंगच उपचार. मला वाटलं, दोन सह्या, एक शपथपत्र आणि झालं. माझी गर्भाची पिशवी काढल्याचे कागद त्यांनी पाहिले, आम्हा दोघांची वयं पाहिली, ठीक म्हणाल्या. मंग तुझा शाळेचा दाखला माझ्या दाखल्याशेजारी ठेवला आणि हसून विचारलं, तुम्ही जुळ्या का? दोघींची जन्मतारीख एक जून, सालही एकच.

अगं, मी शाळेला निघाले की तू ओट्यावर लोळण घ्यायचीस. शेवटी आबांनीच गुरुजींना गळ घातली, माझ्या पोरी एकाच बाकावर बसू द्या. गुरुजींनी तुला दोन वर्षांनी मोठी करून टाकली. अजूनही कुणी पाव्हणा आला की आबा हेच कौतुकानं सांगत बसतात.

कायद्यानं दुसऱ्याचं लेकरू पोटात वाढवणारी बाई पंचवीस ते पस्तीसमधलीच लागते. तू खरी चौतिसाची, कागदावर छत्तिसाची. तारीख दुरुस्त होईल का, मी काकुळतीला येऊन विचारलं. कोर्टात जावं लागेल, म्हणाल्या, आणि ग्रामपंचायतीत तर तुझ्या जन्माची नोंदच न्हाई. बरं, खरं वय शाबीत झालंच, तर लग्नाच्या वेळी तू सतरा वर्षांची होतीस हेही शाबीत होईल. मंग आबांना आणि तुझ्या सासऱ्यांना कोण सोडवणार? गुरुजी कधीचेच वारले. कुणावर राग काढावा तेच मला कळेना.

आबा मात्र कालपासून सारखे विचारून राह्यलेत, जल्दी सांगा, काय म्हणले वकील? कायदा आडवा आला म्हटलं, तर ते स्वतः जालन्याला जाऊन विचारतील, आणि आपल्याच लाडापायी हे झालं, हे त्यांना कळेल. या वयात त्यांना ते सोसणार न्हाई. मीच नको म्हणाले असं सांगितलं, तर त्यांचा बिलकुल विश्वास बसणार न्हाई. माझं रडणं त्यांनी पाहिलंय. म्हणून तू गुरुवारी आलीस की त्यांच्यासमोर सांग, मला हे जमणार न्हाई. ते तुझ्याशी बोलणं टाकतील, कदाचित कायमचं. मीही तेव्हा खाली मान घालून बसेन. तुझी बाजू घेतली, तर ते लगेच ओळखतील. तू मला काय द्यायला निघाली होतीस, आणि मी तुझ्याकडं हे मागून राह्यले. पण दुसरा रस्ता मला दिसत न्हाई, द्वारके.

तुझीच,
बेबीनंदा