सख्खी आत्या

शनिवार पेठ, पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

चि. आमोद,

अनेक आशीर्वाद. सौ. वल्लरीला आता बरं वाटत असेल. डिंकाचे लाडू मिळालेच असतील. माझ्या हातचे म्हणून ते कामवाल्या बाईंना दिले नसतील, असं धरून चालते.

पत्र लिहायचं कारण, फोनवर तू "हो, बघू" म्हणून ठेवून देतोस. काल म्हणालास, "ताई, बारशाला तू थेट जेवायलाच ये. पाळण्यापाशी गर्दी असते, तुला ॲलर्जीचा त्रास." आणि बाळाच्या कानात नाव सांगायला वल्लरीची मैत्रीण पूर्वा बसणार. वा! सख्खी आत्या धडधाकट असताना उसनी आत्या.

ही ॲलर्जी तुम्हीच शोधलीत. नऊ वर्षांपूर्वी तुझे भावोजी गेले, माझी तपासणी झाली, तेव्हा नातेवाइकांना सांगायला. मीही गप्प बसले. दिवाळीला तुझ्याकडे येताना पिशवीत स्वतःचा कप घेऊन यायचे, तुम्हाला वेगळा काढायची वेळ येऊ नये म्हणून. चूक माझीच. तुमच्या भीतीची बडदास्त मीच ठेवली.

मला एचआयव्ही आहे, आमोद. आपल्या घरात हा शब्द पहिल्यांदाच लिहिला जातोय. रोज गोळी घेते. तपासणीत विषाणू सापडत नाही, इतका तो कमी आहे. शाळेत चाळीस मुलांना गणित शिकवते. बाळाला मांडीवर घेतल्याने, तिच्या कानात बोलल्याने काहीही होत नाही. तू इंजिनिअर आहेस, तुला हे कळतं. कळत असूनही तू तो फोन केलास, ते लागलं रे. फार लागलं.

रविवारी दहा वाजता मी येणार आणि पाळण्याशी बसणार. कुणी विचारलं तर ॲलर्जी नाही हे सांगेन, आणि काय आहे तेही सांगेन. दारात अडवायचं असेल तर तू अडव. वल्लरीला पुढे करू नकोस.

नाव सांगून झालं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. नऊ वर्षांत आपल्या घरातल्या कुणी मला हात लावलेला नाही. पहिला धपाटा वल्लरीचा. हात आखडता घेऊ नको म्हणावं.

तुझ्या लेकीची आत्या,
सुनीती