सिग्नलला उभी असलेली गाडी

६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू दोनदा फोन केलास आणि मी नुसतं हूं हूं केलं, म्हणून लिहिते. जबडा तारांनी बांधलाय, तोंड उघडत नाही. पातळ तेवढं नळीने घेते. मानेला पट्टा आहे. बाकी बरी आहे.

सासूबाई माझ्याशी बोलतात, उत्तराची वाट बघतात आणि आठवलं की गप्प होतात. पाटीवर लिहून दाखवते, पण त्यांचा चष्मा कधी जागेवर नसतो.

ट्रक कंपनीचा माणूस येऊन गेला. फार गोड बोलला. त्यांच्या ड्रायव्हरचा जबाब झालाय म्हणे. आमची व्हॅन चालती होती आणि ह्यांनीच ती एकदम ट्रकच्या पुढ्यात घातली, असं त्यात आहे. चूक ह्यांची होती असं लिहिलेल्या कागदावर मी सही करावी, मग दवाखान्याचं कंपनी बघेल, असं म्हणाला. मी केली नाही.

आम्ही सिग्नलला उभे होतो, दादा. ट्रक मागून आला आणि त्याने आम्हाला पुढच्या खांबावर नेऊन आदळलं. मला बोलता येत नाही म्हणून पोलिसांनी माझं काही लिहूनच घेतलं नाही. हे तर गेलेच, आता दोषही त्यांच्याच माथी बसणार. अशा वेळी काय करायचं असतं? तू कोर्टात नोकरी करतोस, तुला माहीत असेल.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.

तुझी धाकटी


१० मार्च

चि. मौनीबाईस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणापासून तुला मौनीबाई म्हणत आलो, आता डॉक्टरांनीही माझीच री ओढली. तुझी वहिनी म्हणते, असल्या वेळी थट्टा सुचते तरी कशी. थट्टा थांबवली की मला रडू येतं, हे तिला सांगितलेलं नाही.

सही केली नाहीस, शहाणी आहेस. तो परत आला तर पाणी दे आणि वाटेला लाव. तुझ्या हाताला मुंग्या येतात हे मला तुझ्या दिराकडून कळलं, तुझ्याकडून नाही. डॉक्टरांपुढे तरी ‘बाकी बरी आहे’ म्हणू नकोस. दुखतं ते सगळं लिहून दे, त्यांचा एकही कागद टाकू नकोस. तारा निघाल्या की लगेच चौकीवर जाऊन तुझा जबाब घ्यायला लाव.

आणि मुख्य म्हणजे व्हॅनला कुणाला हात लावू देऊ नकोस. ठोकर मागून बसली की बाजूने, ते चेपलेल्या पत्र्यावरून कळतं. आजच फोटोग्राफर बोलावून चारही बाजूंनी फोटो काढून घे.

जिवाला जप. उत्तर लगेच टाक, इथे कुणाचं कामात लक्ष नाही.

तुझा दादा


१५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोटो काढता येणार नाहीत. भाऊजींनी मागची बाजू ठोकून सरळ केली आहे.

चौकीच्या आवारात जागा नव्हती, म्हणून व्हॅन ओढून आमच्याच गॅरेजमध्ये आणली होती. चौकीचे साहेब नंतर येऊन बघणार होते. दोघा भावांचा जन्म चेपलेल्या गाड्या सरळ करण्यात गेला. भाऊजींना ती गाडी तशी बघवेना. पुढे तर हे बसले होते, तिकडे त्यांचा हात जाईना, म्हणून मागून सुरुवात केली. डेंट काढले, पुट्टी भरली, घासलं. माझी खिडकी गॅरेजच्या समोर आहे. मला निदान एक बाजू तरी धड दिसावी, असं त्यांच्या मनात होतं. ठोकाठोकी मला ऐकू येत होती. मला वाटलं, गिऱ्हाइकाची गाडी असेल.

तुझं पत्र मी त्यांच्या हातात दिलं. वाचून ते तिथेच टायरवर बसले. तेव्हापासून धड जेवत नाहीत. चौकीवर जाऊन सांगतो, काय व्हायचं ते होऊ दे, म्हणतात. सासूबाई त्यांच्यावर ओरडल्या, की एक गेला तेवढं पुरे नाही का, आता तू तुरुंगात जाऊन बस. मग मला म्हणाल्या, तूच समजाव ह्याला. मी पाटी घेऊन नुसती उभी राहिले.

दादा, माझ्या सांगण्यालाही फार अर्थ नाही. ठोकर बसली तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. ट्रक मी पाहिलाच नाही. आम्ही उभे होतो हे मला पक्कं माहीत आहे, पण कसं माहीत आहे ते कुणाला सांगावंसं वाटत नाही. ते माझ्या एकटीचं आहे.

काय करू, ते कळव. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी


१९ मार्च

चि. मौनीबाईस,
अनेक आशीर्वाद.

भाऊजींना बरोबर घेऊन चौकीवर जा. आपण होऊन सांगितलं तर ती चूक ठरेल, पोलिसांनी शोधून काढलं तर लबाडी ठरेल. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि हे वाचायला दे, चष्मा शोधून. पुढच्या भागाला मात्र आता बोटही लावायचं नाही.

मेहुणे पिवळा दिवा दिसला की थांबायचे. त्यावरून मी त्यांना काय काय बोललोय! त्या माणसाने गाडी ट्रकपुढे घातली, असं कागदावर राहणार.

तुझ्या एकटीचं काय आहे ते मी विचारत नाही. पण तू बोलली नाहीस, तर त्या ड्रायव्हरचंच बोलणं उरेल. ठरव तू.

तुझ्या पाठीशी आहे, हे वेगळं लिहायला नको.

दादा


२९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल तारा काढल्या. आज चौकीवर जाऊन आलो.

भाऊजी आधी बोलले. साहेब खूप चिडले, पुरावा म्हणजे काय कळतं का, असं म्हणाले. मग साहेबांनीच विचारलं, की हात लावण्याआधी मागची बाजू कशी होती. भाऊजींनी टेबलावर बोटाने काढून दाखवलं, मागचा दरवाजा मधोमध कसा आत गेला होता. तेही लिहून घेतलं. उद्या गाडी बघायला माणूस येणार आहे. पुट्टीखाली त्याला किती कळेल, कोण जाणे.

मग माझी पाळी. डोळे मिटलेले होते हे मी सांगितलं. साहेब म्हणाले, मग गाडी उभी होती हे तुम्ही कशावरून म्हणता? भाऊजी माझ्याकडे बघत होते.

सांगितलं, दादा. सिग्नल लागल्यावर ह्यांनी इंजिन बंद केलं होतं. मला म्हणाले होते, की हा दिवा लवकर सुटत नाही, तू दमली आहेस, तेवढे डोळे मीट, हिरवा झाला की सांगतो. म्हणून मी मिटले होते.

हवालदारांनी ते त्यांच्या पद्धतीने लिहिलं. वाचून दाखवलं तेव्हा मला ते ह्यांचं वाटेना. तरी अर्थ तोच होता. पुढे काय होईल ते साहेब सांगत नाहीत. पण दोन्ही बाजू लिहिल्या गेल्या आहेत.

येताना भाऊजी गॅरेजपाशी थांबून म्हणाले, की वहिनी, सिग्नलला आमचा दादा काय म्हणाला ते परत एकदा सांग, तो म्हणाला तसंच. मी सांगितलं. ते आत गेले आणि सासूबाईंना हाताला धरून बाहेर घेऊन आले. मग त्यांनाही सांगितलं.

इतकं बोलायची सवय नाही. जबडा दुखतो आहे, म्हणून इथेच थांबते. माया आहेच, ती राहू दे.

तुझी धाकटी