कोऱ्या ओळी

चि. धाकट्यास,

बाबा अजूनही सकाळी बायबल उतरवून काढायला बसतात. हाताने लिहिलं की डोक्यात राहतं, हे त्यांचं जुनं मत. एक वचन त्यांनी लिहायचं, पुढचं तू, असं तुमचं ठरलेलं. मी चहा करायचे. तू भांडून गेलास, तरी तुझी वचनं ते लिहीत नाहीत. तेवढ्या ओळी कोऱ्या सोडून पुढे जातात.

गेल्या आठवड्यात ते दवाखान्यात गेले होते, तेव्हा मी तुझ्या खुर्चीत बसले आणि एका अध्यायातल्या कोऱ्या ओळी भरून टाकल्या. माझं अक्षर बरं आहे, तुझ्यासारखे कुत्र्याचे पाय मांजराला नाहीत.

बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "एकही चूक नाही गं," म्हणाले. मग नवं पान काढलं आणि तोच अध्याय पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला, तुझ्या ओळी कोऱ्या सोडत.

काल म्हणाले, "त्याला ये म्हणून लिही." मी हो म्हटलं. हे तेच पत्र. वाचलंस तर तू येशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून पाकिटावर पत्ता घातलेला नाही.

चहा टाकायला उठते.

ताई